श्रमाची ओळख, भविष्याची वाट : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन परंपरेत प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांचे स्मरण करताना एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. कल्पवृक्षांचा काळ संपला आणि माणसाला पोटाची चिंता पडली, तेव्हा ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली. ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या कन्यांना त्यांनी लिपीचे व अंकांचे ज्ञान दिले. मोक्षमार्ग दाखविणाऱ्या महापुरुषाने आधी माणसाला सन्मानाने जगण्याचे उद्योग शिकविले, हा या कथेचा आशय आहे. विसाव्या शतकात हाच आशय महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत प्रत्यक्ष आणणारा एक पुरुष जैन कुळात जन्माला आला. पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील हे त्यांचे नाव.

कर्मवीरांना आपण रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या कार्याचा आणखी एक पैलू आजच्या पालकांनी व शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. खेड्यातल्या मुलाला लहान वयातच निरनिराळ्या कामांची ओळख करून देणे, कोणत्याही कामाची लाज त्याच्या मनातून काढून टाकणे आणि जन्माने ठरलेल्या धंद्यापलीकडेही जग आहे याची जाणीव त्याला करून देणे, हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्र होते.

बालपण आणि जडणघडण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर परिसरातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. कुटुंबाचे वास्तव्य आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथे होते. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस असल्याने बदल्या होत, आणि त्यामुळे भाऊरावांना बालपणीच अनेक गावे पाहावयास मिळाली. आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. मुलगा मात्र बंडखोर वृत्तीचा निघाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी लहानपणी रहाटच मोडून टाकल्याची आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उघडण्यास उत्तेजन दिले, तो हा काळ. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उभारावयाच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या संस्थेतून बाहेर पडण्याची पाळी या तरुणावर आली, परंतु त्याने समाजाविषयी मनात कटुता धरली नाही.

याची साक्ष पुढे १९१४ च्या सुमारास मिळाली. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यांना डांबर फासण्याचा प्रकार घडला. या प्रकरणात जैन समाजाचे नेते अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांवर खोटी साक्ष देण्याचा दबाव आला. ज्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्याच्या कारभाराशी लठ्ठे यांचा निकटचा संबंध होता. सूड उगवावयाचा असता तर संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी कोठडी सोसली, मारहाण सोसली, पण असत्य वदले नाहीत. सत्याचे हे अणुव्रत त्यांनी आपल्या देहाची किंमत देऊन पाळले.

मॅट्रिकची परीक्षा त्यांच्या हातून झाली नाही. पदवी नाही आणि सरकारी नोकरी नाही, अशा स्थितीत त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगले यांच्या काचकारखान्याचे कंदील विकले, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा खेडोपाडी प्रचार केला आणि उद्योगपती धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही काम केले. हा फिरतीचा व्यवसायच त्यांची खरी शाळा ठरला. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून नांगर विकताना त्यांना दिसले, की त्याच्या मुलाला आपल्या बापाच्या कामाखेरीज दुसरे काही ठाऊकच नाही. कुणब्याच्या मुलाने नांगर धरावा, चांभाराच्या मुलाने चामडे कमवावे आणि महाराच्या मुलाने गावकीची कामे करावीत, एवढेच त्या काळचे व्यवसायज्ञान होते. धंदा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. तो जन्मताच ठरून गेलेला असे.

रयत शिक्षण संस्था आणि शाहू बोर्डिंग

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्याआधी दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविण्याचा प्रयोग त्यांनी सहकाऱ्यांसह केला होता. याच सुमारास, १९१८ मध्ये, आपल्या वऱ्हाडात कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला होता. मुलांना एकत्र ठेवून त्यांचे जीवन घडवावे, हा विचार त्या पिढीच्या जैन समाजात मूळ धरू लागला होता. भाऊरावांनी त्याला सर्व जातिधर्मांची दारे उघडून दिली.

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य कार्य साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, अशी सर्व मुले एका पंक्तीला बसून जेवत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सर्व मुले सर्व कामे करीत. दळण दळणे, भाकऱ्या भाजणे, सरपण आणणे, झाडलोट करणे, बागेत व शेतात राबणे यांपैकी एकही काम एका जातीचे नव्हते. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडू हाती घेतला गेला नव्हता, तो मुलगा अंगण झाडी. आणि ज्याच्या हातचे पाणी गावात कोणी घेत नव्हते, तो मुलगा सर्वांना वाढी. कामाची जात येथे संपली. लहान मुलाच्या मनावर झालेला हा संस्कार कोणत्याही व्याख्यानाने झाला नसता.

या यशामागे एका माउलीचा त्याग आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सनातनी जैन संस्कारांत वाढलेल्या होत्या. आरंभी त्यांना हे सारे जड गेले, परंतु पुढे त्या बोर्डिंगातील सर्व मुलांच्या आई झाल्या. कोठीत धान्य नसले की अंगावरचा एकेक दागिना जाई. अखेर एके दिवशी त्यांनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही काढून दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या धर्मात दानाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतील आहारदान आणि ज्ञानदान ही दोन्ही दाने या साध्वीच्या हातून एकाच वेळी घडली.

कमवा आणि शिका

बोर्डिंगातील श्रम प्रारंभी गरजेपोटी होते. पुढे भाऊरावांनी त्यांतून एक शिक्षणपद्धतीच उभी केली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे मुले फी न देता शिकत आणि शेतावर व इतर कामांवर श्रम करून आपला खर्च भागवीत. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा हीच पद्धत महाविद्यालयापर्यंत पोहोचली. खडकाळ माळ फोडणारे, झाडे लावणारे आणि सायंकाळी शेक्सपिअर वाचणारे विद्यार्थी साताऱ्याने पाहिले. कमवा आणि शिका हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी गेले ते याच प्रयोगामुळे.

देशात अन्यत्रही हा विचार सुरू होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये विदर्भातील वर्धा येथे महात्मा गांधींनी शिक्षण परिषद भरविली आणि हस्तोद्योगाच्या द्वारे प्राथमिक शिक्षण देण्याची योजना, म्हणजेच नई तालीम, देशापुढे ठेवली. भाऊरावांचे बोर्डिंग त्यावेळी कितीतरी वर्षे त्याच दिशेने चालत होते.

प्राथमिक शाळेतील बालकापर्यंत हा संस्कार नेण्यासाठी प्रथम शिक्षक घडवावा लागेल, हे भाऊरावांनी ओळखले होते. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. येथे शिकणारा भावी शिक्षक स्वतः श्रम करी. कुदळीचा घट्टा ज्याच्या तळहाताला पडला आहे, असा गुरुजी वर्गात उभा राहून शेतकऱ्याच्या, सुताराच्या आणि लोहाराच्या कामाविषयी आदराने बोलू शकतो. १९४२ मध्ये स्त्री-शिक्षिका घडविण्यासाठी जे विद्यालय निघाले, त्यास त्यांनी जिजामातेचे नाव दिले. ज्या माउलीचे जन्मस्थान आपल्या तालुक्यातील सिंदखेडराजा आहे, तिचे नाव साताऱ्यातील शिक्षिकांच्या विद्यालयाला लाभावे, हा दुसरबीडच्या वाचकाला अभिमान वाटावा असा योग आहे.

ज्या गावांत शाळाच नव्हती अशा ठिकाणी संस्थेने स्वेच्छा शाळा सुरू केल्या. त्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली. गावकऱ्यांनी जागा द्यावी, देऊळ वा चावडी मोकळी करून द्यावी आणि रयतच्या शिक्षकाने तेथे मुले गोळा करावीत, असा हा क्रम होता.

उघडलेल्या वाटा

ज्ञानदेव घोलप या अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला भाऊरावांनी शिक्षणासाठी कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेवले. पुढे हेच घोलप मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेतून बॅरिस्टर होऊन आले, संस्थेतच अध्यापन केले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गावकीच्या कामात किंवा दोन एकर कोरडवाहू जमिनीत ज्यांचे आयुष्य संपून गेले असते, त्यांना शिक्षक, वकील, अधिकारी, प्राध्यापक होता येते हे प्रथम या वसतिगृहांत कळले. बुद्धीची उणीव कधीच नव्हती, उणीव होती ती वाट दाखविण्याची.

मार्ग सोपा नव्हता. एकदा सरकारी अनुदानही काही काळ थांबले. तरीही भाऊराव धान्याच्या राशीवर जाऊन मूठ-मूठ धान्य मागत राहिले. संत गाडगेबाबा हे त्यांचे जिवलग स्नेही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या या वैराग्यमूर्तीचे नाव १९५४ मध्ये कराडच्या महाविद्यालयास देण्यात आले. एकाने हाती खराटा घेतला, दुसऱ्याने कुदळ घेतली. दोघांनीही श्रमाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

१९५९ च्या प्रजासत्ताकदिनी भाऊरावांना पद्मभूषण जाहीर झाले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या या महापुरुषाला सन्मान्य डी. लिट. ही पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यावेळी संस्थेची शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये आणि तीन महाविद्यालये उभी होती. संस्थेचे बोधचिन्ह असलेला वटवृक्ष आणि स्वावलंबनाचे ब्रीद हे त्यांच्या जीवनाचे सार आहे.

आजच्या संदर्भात

कर्मवीरांच्या काळातील श्रमाचा अर्थ आज जसाच्या तसा घेता येणार नाही. त्यांच्या मुलांपुढे श्रम किंवा अशिक्षितपणा एवढे दोनच पर्याय होते. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलाला कामास ठेवणे हा गुन्हा आहे. मुलाला मजूर करणे वेगळे आणि त्याला कामाची ओळख करून देणे वेगळे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली, त्यामागे हीच ओळख होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात शिकावे असे सुचविले आहे.

आज जातीने धंदा ठरविण्याची रूढी सैल झाली. परंतु तिची जागा दुसऱ्या एका संकुचितपणाने घेतली आहे. चौथीच्या मुलाला मोठेपणी कोण होणार असे विचारले, तर डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच शब्दांत उत्तर संपते, आणि तेही बहुधा आई-वडिलांनी शिकविलेले असते. व्यापारी कुटुंबातील मुलगा दुकानाच्या गादीपलीकडे पाहत नाही किंवा त्या गादीची लाज बाळगतो. दोन्ही गोष्टी सारख्याच हानिकारक आहेत. दुसरबीडसारख्या गावात मुलांना दाखविण्यासारखे काय कमी आहे? बांधावरचा शेतकरी, आडत दुकानातील हिशेबनीस, शिंपी, सुतार, आरोग्य केंद्रातील परिचारिका, पोस्टमन, एस. टी. चा चालक, ग्रामसेवक हे सारे हाकेच्या अंतरावर आहेत. तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग बांधण्यास किती प्रकारच्या ज्ञानाची व कौशल्यांची माणसे लागली असतील, एवढा एक प्रश्नही वर्गाला तासभर पुरेल. अशा माणसांना शाळेत बोलवावे, मुलांना त्यांच्याकडे न्यावे, प्रश्न विचारू द्यावेत. दहा वर्षांच्या मुलाने व्यवसाय निवडावा अशी अपेक्षा मुळीच नाही. जग किती प्रकारच्या कामांवर उभे आहे आणि त्यांतील प्रत्येक प्रामाणिक काम आदरास पात्र आहे, एवढे त्याला कळले तरी पुरे.

ऋषभदेवांनी सहा कर्मे शिकविली. कर्मवीरांनी ती कोणाही मुलाला खुली केली. समाजाच्या प्रत्येक बालकाला ही ओळख करून देण्याचे काम आता पालकांचे, शिक्षकांचे आणि समाजाच्या संस्थांचे आहे. ते हाती घेणे हीच या थोर कर्मयोग्याला खरी आदरांजली होय.