मुद्दाम चढवलेल्या तारा

हिवाळ्यात लाकूड आकसतं, खुंटी घसरते आणि माझं व्हायोलिन उतरतं. वैतागून मी ते विकायची चिठ्ठी मेसच्या बोर्डावर लावली. त्याच आठवड्यात निकोलो पागानिनीबद्दल वाचलं. जन्म १७८२, इटलीतलं जेनोवा. पोरवयात वडिलांनी सक्तीनं रियाज करून घेतला. पहिल्या कॉन्चेर्तोसाठी या पठ्ठ्यानं चारही तारा मुद्दाम अर्धा स्वर चढवल्या! वाद्यवृंद ई फ्लॅटमध्ये, याची बोटं मात्र डीच्या सोप्या जागांवर. आवाज सगळ्यांच्या वर खणखणीत. लोकांना वाटे, सैतानाशी करार केलाय. शेवटी त्याची वाचा गेली. १८४० मध्ये नीसला तो वारला. त्याचं १७४३ सालचं व्हायोलिन आजही जेनोवात जपलंय.

मी चिठ्ठी काढली. खुंटीला खडू लावलाय. आता आधी सूर लावायला शिकतोय. रूममेट मंडळी, थोडं सांभाळून घ्या!