ड्रॉइंगमास्तरांचा नांगर

बाबांची बदली नोएडाला होण्यापूर्वी आम्ही बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात होतो. त्याच गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान चालवले होते. म्हणून या पानासाठी मी त्यांचे चरित्र निवडले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. पण त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत, असे लक्षात आले. रंग सुटले, तरी रेषा सुटली नाही. ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. यंत्रे मात्र ते कार्यशाळेत हात काळे करून शिकले.

हा भाग मी दोनदा वाचला. मला वैमानिक व्हायचे होते. गेल्या वर्षीच्या तपासणीत माझीही रंगदृष्टी कमी निघाली.

नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे आले. तिथे त्यांनी कडबा कापायचे यंत्र बनवले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचे माळरान दिले. निवडुंग तोडून १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

वर्गात आम्ही तयार किट जोडतो, दिवा लागतो, गुण मिळतात. लक्ष्मणरावांना गुण देणारा शेतकरी होता, आणि तो सहज पास करत नव्हता. म्हणून या सत्रात आमच्या गटाने माळीकाकांसाठी झाडांना आपोआप पाणी देणारे यंत्र करायला घेतले आहे. काकांनी ते दोनदा परत पाठवले: एकदा पाणी थांबेना, एकदा नळीत माती अडकली. तिसऱ्यांदा जोडणी माझ्याकडे आहे. तारांचे रंग मला नीट कळत नाहीत, म्हणून प्रत्येक तारेला मी आकड्याची चिठ्ठी लावली आहे. आता गटातले सगळेच आकडे बघून जोडतात.