लिली पार

वाराणसीच्या भोसले घाटाच्या दगडी पायऱ्या नागपूरच्या भोसले घराण्याची आठवण आजही जपून आहेत. राजघराण्याची स्मृती दगड जपतो. कारखान्यात राबणाऱ्या मुलींच्या पराक्रमाची स्मृती मात्र कोणी तरी जाणीवपूर्वक जपावी लागते. इंग्लंडच्या फुटबॉलपटू लिली पार यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

लिली यांचा जन्म २६ एप्रिल १९०५ रोजी सेंट हेलेन्स या गावी, एका कामगाराच्या घरी झाला. भावांबरोबर खेळतच त्या फुटबॉल शिकल्या. त्यांच्या डाव्या पायाच्या फटक्यात विलक्षण जोर होता.

पहिल्या महायुद्धात पुरुष रणांगणावर गेल्यामुळे प्रेस्टन शहरातील ‘डिक, कर’ या कारखान्यात दारूगोळा तयार करण्याचे काम स्त्रियांकडे आले. त्यांनी आपला फुटबॉल संघ उभारला. १९१७ च्या नाताळात डीपडेल मैदानावर झालेल्या सामन्यास दहा हजार प्रेक्षक आले आणि जमलेला पैसा जखमी सैनिकांच्या रुग्णालयास देण्यात आला. या संघात लिली अवघ्या चौदा-पंधरा वर्षांच्या असताना दाखल झाल्या. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथील त्यांच्या संघाचा सामना सुमारे ५३,००० लोकांनी पाहिला.

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना अयोग्य ठरवून, संलग्न क्लबांनी त्यांना मैदाने देऊ नयेत असा आदेश काढला. बंदी खेळण्यावर नव्हती, मैदानांवर होती. परंतु मैदान गेले की प्रेक्षक जातो, आणि प्रेक्षक गेला की वृत्तपत्रांतील वृत्तान्तही आटतो. लिली यांच्या गोलांचा आकडा आज निरनिराळा सांगितला जातो, तो यामुळेच. त्या मात्र थांबल्या नाहीत. मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी सांभाळून त्या १९५१ पर्यंत खेळत राहिल्या. बंदी उठण्यास पन्नास वर्षे लागली. २४ मे १९७८ रोजी लिली यांचे निधन झाले.

पुढे प्रेस्टनच्याच गेल न्यूशॅम यांनी संघातील वृद्ध खेळाडूंचा शोध घेतला, त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या आणि १९९४ मध्ये या संघाचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. हे काम आणखी काही वर्षे लांबते, तर सांगणारेच उरले नसते! २००१ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय सुरू झाले, तेही डीपडेल मैदानावर. एके काळी स्त्रियांना बंद झालेल्या त्याच मैदानावरील या संग्रहालयाच्या गौरवदालनात २००२ मध्ये लिली यांचा समावेश झाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला खेळाडू होत. संग्रहालय नंतर मँचेस्टरला हलले. तेथे २०१९ मध्ये त्यांचा कांस्य पुतळा बसवण्यात आला.