हेमू अधिकारी (क्रिकेट खेळाडू)

लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी (३१ जुलै १९१९, पुणे – २५ ऑक्टोबर २००३, मुंबई) हे भारतीय क्रिकेट खेळाडू, कर्णधार व संघाचे व्यवस्थापक होते. याच नावाचे मराठी अभिनेते वेगळे.

खेळाडू

वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पुढे ते बडोदा व सेनादल या संघांकडून खेळले. मधल्या फळीतील उजव्या हाताचे फलंदाज आणि कव्हरमधील चपळ क्षेत्ररक्षक अशी त्यांची ख्याती होती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या कसोटीत, १९४७ साली ब्रिस्बेन येथे, ते प्रथम भारताकडून खेळले. १९४८ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा केल्या. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक. १९५२ मध्ये दिल्लीतच पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८१ धावा करताना त्यांनी गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. हा भारतीय विक्रम अधिकारींच्या निधनानंतर, २००४ मध्ये, सचिन तेंडुलकर व झहीर खान यांनी मोडला. २१ कसोटींत ३१.१४ च्या सरासरीने त्यांनी ८७२ धावा केल्या. लष्करी सेवेमुळे ते सलग खेळू शकले नाहीत. हे आकडे वाचताना ती गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१९५८–५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत निवड समितीच्या धरसोडीमुळे पाच कसोटींत चार कर्णधार झाले. उम्रीगर, गुलाम अहमद व मंकड यांच्यानंतर अखेरच्या दिल्ली कसोटीत ही जबाबदारी ३९ वर्षांच्या अधिकारींवर आली. त्यांनी ६३ व ४० धावा केल्या, तीन गडी बाद केले आणि सामना अनिर्णित राहिला. तरीही १९५९ च्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्व दत्ताजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. अधिकारी पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

व्यवस्थापक

१९७१ च्या इंग्लंड दौऱ्यात अजित वाडेकर कर्णधार, तर अधिकारी व्यवस्थापक होते. शारीरिक तंदुरुस्ती आणि क्षेत्ररक्षणाच्या सरावात त्यांनी लष्करी शिस्त आणली. फलंदाजाच्या अगदी जवळ उभ्या राहणाऱ्या एकनाथ सोलकर यांच्यासारख्या क्षेत्ररक्षकांमुळे फिरकी गोलंदाजीची धार वाढली. ओव्हल कसोटीत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि २४ ऑगस्ट रोजी भारताने चार गडी राखून इंग्लंडमधील आपला पहिला कसोटी विजय मिळवला. मालिकाही जिंकली.

१९७४ च्या दौऱ्यातही कर्णधार व व्यवस्थापक हीच जोडी होती. या वेळी भारत तिन्ही कसोटी हरला आणि लॉर्ड्सवर दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत संपला. त्या दौऱ्यानंतर वाडेकर यांची कसोटी कारकीर्द संपली. अधिकारी मात्र प्रशिक्षण शिबिरांतून तरुण खेळाडू घडवत राहिले.