गळ्यातले गाणे कागदावर : पंडित विष्णु नारायण भातखंडे

मागील स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातील एका मित्राने गिटारवर लागोपाठ सहा गाणी वाजविली. समोर कागद नव्हता, मोबाईलही नव्हता. सातव्या गाण्याला मात्र अंतऱ्यातला एक कॉर्ड त्याला आठवेना. तो हसत हसत पुन्हा मुखड्यावर आला आणि वेळ निभावून नेली. त्यानंतर चहाच्या टपरीवर वाद रंगला, की वादकाने कागद समोर ठेवावा की ठेवू नये. आपल्या भागाला हा प्रश्न तसा नवा नाही. रात्रभर गोंधळ घालणाऱ्याजवळ कागद नसतो, भजनी मंडळातील म्हातारी माणसे वही न उघडता अभंगामागून अभंग म्हणतात. आणि इथून जवळच अंबाजोगाईला दासोपंतांनी चक्क कापडावर पासोडी लिहून ठेवली आहे. पाठांतर आणि लेखन यांच्या या जुन्या भांडणात ज्या गृहस्थाने आपले सारे आयुष्य घातले, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे त्या दिवशी मनात आले.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीस, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घरची स्थिती बेताची, परंतु गाण्याची आवड होती. लहानपणी ते बासरी वाजवीत. पुढे वल्लभदास दामुलजी यांच्याकडे त्यांनी सतारीचे धडे घेतले. १८८५ साली ते बी. ए. झाले, १८८७ साली एल्एल्. बी. झाले आणि वकिली करू लागले. काही काळ कराचीलाही होते. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी गाणे असा हा दुहेरी संसार होता.

मुंबईत १८७० पासून पारशी गृहस्थांनी चालविलेली गायन उत्तेजक मंडळी नावाची संस्था होती. भातखंडे तिचे सभासद झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी सुमारे तीनशे धृपदे घेतली. अली हुसेन खाँ यांच्यासारख्यांकडून ख्याल घेतले. 'घेतली' या शब्दाचा अर्थ आज आपल्याला चटकन कळणार नाही. गुरू एक ओळ म्हणणार, शिष्याने ती तशीच म्हणायची. चुकली तर पुन्हा, बरोबर आली तरी पुन्हा. हाताने ताल धरलेला असे, त्यामुळे शब्द, स्वर आणि समेची जागा ही तिन्ही एकदमच डोक्यात बसत. अस्थाई पक्की झाल्याखेरीज अंतरा मिळत नसे. चीज गळ्यावर चढायला कधी आठवडे लागत, पण चढली की जन्मभर उतरत नसे. आमच्या मित्राने सहा गाणी निभावली ती याच रीतीने, आणि सातव्यात घसरला तो ते नुसते मोबाईलवर पाहून बसविले होते म्हणून, असे माझे मत आहे. (त्याला ते मान्य नाही.)

मग या पद्धतीत वाईट काय होते? वाईट एवढेच, की गळा गेला की चीजही जात असे. खानदानी चिजा म्हणजे घराण्याची मिरास. ती मुलाला द्यायची, फार तर जावयाला. बाहेरच्याला दाखवायची ती अर्धीमुर्धी. मुलाला गळा नसेल, किंवा तो अकाली गेला, तर दीडदोनशे वर्षे जपलेला साठा एका चितेबरोबर किंवा एका कबरीत संपून जाई. शिवाय एकच राग चार गावी चार तऱ्हांनी गाइला जाई, आणि कोणाचे खरे हे ठरविण्यास साधन नव्हते. वकिलाला पुरावा लागतो. भातखंड्यांना तो कोठेच सापडेना.

१९०० साली त्यांची पत्नी वारली आणि १९०३ साली मुलगी. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा असे फिरत एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांना भेटले. व्यंकटमखीच्या ७२ मेळांची व्यवस्था त्यांनी तेथे समजून घेतली. पुढे हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत वाटणी त्यांनी केली, तिचे बीज या प्रवासात आहे. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, कलकत्ता झाले. त्यानंतर काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर, उदेपूर. जिथे जुना ग्रंथ असेल तिथे ग्रंथ पाहावयाचा, जिथे जुना गवई असेल तिथे त्याच्यासमोर बसायचे, असा क्रम होता.

जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ कोठीवाल यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यांचे चिरंजीव आशक अली यांच्याकडून भातखंड्यांनी घराण्याच्या चिजा फोनोग्राफवर मुद्रित करून घेतल्या. वडिलांना हे कळले तेव्हा ते फार व्यथित झाले असे सांगतात, आणि ते स्वाभाविकच होते. घरातील ठेवा मुलाने परक्याच्या यंत्रात ओतला होता. पुढे मात्र त्यांनी भातखंड्यांना शिष्य मानले आणि चिजा स्वतः तपासून दिल्या. मला या प्रसंगात दोघांचीही बाजू खरी वाटते.

मिळालेले लिहावयाचे कसे, हा पुढचा प्रश्न. त्यांची स्वरलिपी इतकी सोपी आहे, की आपल्यापैकी कोणीही ती तासाभरात शिकेल. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. स्वर लांबवायचा असेल तर पुढे आडवी रेषा. एका मात्रेत अनेक स्वर असले तर खाली चंद्रकोर. समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या सामग्रीवर 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग उभे राहिले आणि दीड हजारांहून अधिक चिजा छापून निघाल्या. चार आण्याचा साज नसलेल्या मुलालाही घराण्याची चीज वाचता येऊ लागली. १९१० मध्ये 'चतुरपंडित' या नावाने त्यांनी संस्कृतात 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' लिहिले, आणि त्यावरचे विवेचन मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने, 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'च्या चार भागांत केले. हा ग्रंथ मुळात आपल्या भाषेत आहे हे आपण बहुधा विसरलो आहोत.

त्यांच्यावर टीका झाली, आजही होते. दहा थाटांत सगळे राग नीट बसत नाहीत, हे खरे. ज्या मुसलमान उस्तादांच्या गळ्यातून चिजा मिळाल्या त्यांच्या शास्त्रज्ञानाविषयी ते पुष्कळदा तुच्छतेने लिहितात. ते वाचताना आज खटकते. आणि कागदाची मर्यादा तर उघडच आहे. दरबारीतील गंधार लिहिताना 'ग'खाली एक रेघ येते, पण तो गंधार कसा झुलतो हे त्या रेघेत कोठून येणार?

ही मर्यादा भातखंडे स्वतः जाणून होते असे मला वाटते. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. या सर्वांमागे तेच होते. पुस्तक पुरेसे असते तर शाळा काढल्याच नसत्या. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यापाशी गुरूंच्या सर्व लिखित चिजा होत्या. तरीही ते बडोद्यास उस्ताद फैयाज खाँ यांच्यासमोर तालमीला बसले, आणि मग लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य झाले.

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर तीन वर्षे ते अंथरुणावर होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईस त्यांचे निधन झाले. मालिकेचे पाचवा आणि सहावा हे भाग छापून लोकांच्या हाती आले, ते त्यानंतर.