डायक्स्ट्रा, इंटरप्ट आणि आमचा हँग होणारा डबा

नावापासूनच सुरुवात करतो. स्पेलिंगमध्ये मधेच एक 'जे' घुसलेला असल्यामुळे आमचा अर्धा वर्ग त्याला डिजक्स्ट्रा म्हणायचा. खरा उच्चार डायक्स्ट्रा. एड्सगर डायक्स्ट्रा, शॉर्टेस्ट पाथवाला. पेपरात हमखास येतो. माझीही त्याच्याशी ओळख तेवढीच होती, ती वाढली आमच्या प्रोजेक्टच्या डब्यामुळे.

डबा म्हणजे लॅबच्या कपाटात धूळ खात पडलेला पीसी/104 बोर्ड. तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्याच्यावर जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखी एकावर एक चढवायची कार्डं. आम्ही दोन चढवली, एक सिरीयल पोर्टचं आणि एक सेन्सरची रीडिंग घेणारं. कुठलंही एकच लावलं की सगळं सुरळीत. दोन्ही लावली की डबा हँग! तोही कधी दोन मिनिटांत, कधी चाळीस मिनिटांत. एकदा तर रात्रभर चालला आणि सकाळी आम्ही चहाला गेलो तेव्हा बंद पडला. केबल बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला, कोड तीनदा लिहिला. सबमिशनला अकरा दिवस उरले होते आणि मी नि माझा पार्टनर एकमेकांशी बोलेनासे झालो होतो. त्याच्या मते चूक माझ्या कोडमध्ये होती, माझ्या मते त्याच्या सोल्डरिंगमध्ये.

शेवटी लॅबमधल्या काकांनी दोन्ही कार्डं काढून उजेडात धरली. "अरे बाळांनो, दोघांचा जंपर पाचवरच आहे की!" दोन्ही कार्डं एकाच इंटरप्ट लाइनवर, आयआरक्यू 5 वर बसली होती. पत्ते वेगळे आहेत हे आम्ही पाहिलं होतं, पण इंटरप्टकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. इंटरप्ट म्हणजे बेल. कार्डाकडे डेटा आला की ते बेल दाबतं, प्रोसेसर हातातलं काम ठेवून तिकडे बघतो. इथे दोन खोल्यांना एकच बेल होती. जुन्या आयसा बसवर बेल दाबली जाण्याचा क्षण तेवढा ऐकू जातो. एकाने ती दाबून धरलेली असताना दुसऱ्याने दाबली तर आत काहीच कळत नाही. दुसरा बिचारा दारात उभा तो उभाच. काकांनी एका कार्डाचा जंपर 10 वर सरकवला, मी ड्रायव्हरमध्ये आकडा बदलला, आणि डबा चालू लागला. पाच मिनिटांचं काम.

पण डोक्यातला किडा गेला नाही. चूक एकच होती, मग रोज वेगळ्या वेळी का दिसावी? लायब्ररीत इंटरप्टबद्दल वाचायला बसलो आणि फिरून डायक्स्ट्राच भेटला. याच प्रश्नाने त्याची झोप 1957-58 च्या सुमारास उडवली होती.

त्याचा जन्म 11 मे 1930 चा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. त्याला खरं तर कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचा प्रतिनिधी व्हायचं होतं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत विज्ञानात इतके उत्तम मार्क पडले की तो लायडनला फिजिक्सला गेला. (आपल्याकडे हीच गोष्ट उलट-सुलट कितीजणांची होते, ते हॉस्टेलवर विचारा.) 1951 मध्ये तो केंब्रिजला तीन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स करून आला आणि मार्च 1952 पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागला. पुढे त्याला शंका आली की प्रोग्रॅमिंग हा काय विषय आहे का, याला कोण विचारतो? त्याचे वरिष्ठ वान वाइनगार्डन यांनी त्याला समजावलं की हा विषय अजून घडायचाय आणि तो घडवणाऱ्यांत तू का नसावंस? 1957 मध्ये लग्न नोंदवताना त्याने व्यवसाय प्रोग्रॅमर सांगितला, तर कचेरीने तो मान्यच केला नाही. शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं. शॉर्टेस्ट पाथची कल्पना त्याच्या आदल्याच वर्षीची. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी घ्यायला बसला असताना वीसेक मिनिटांत सुचली, कागद-पेन्सिलीशिवाय. आपण ती आठ मार्कांसाठी आठ वेळा खोडतो.

त्या सेंटरमध्ये लूपस्ट्रा आणि स्कोल्टन हे दोघे यंत्र बांधायचे आणि डायक्स्ट्रा त्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा. यंत्र बनायच्या आधी त्याचं वर्णन कागदावर ठरायचं, मग दोन्ही कामं समांतर. नव्या एक्स-1 या यंत्रासाठी त्या दोघांनी इंटरप्टची सोय सुचवली. टेप रीडर आणि टाइपरायटर म्हणजे प्रोसेसरच्या मानाने बैलगाड्या. त्यांची वाट बघत बसण्यापेक्षा त्यांनीच काम झालं की हाक मारावी, एवढी साधी कल्पना.

डायक्स्ट्रा घाबरला. तोपर्यंत यंत्राचा एक मोठा गुण असा होता की तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला की तीच चूक त्याच जागी सापडायची. आता कुठल्या सूचनेनंतर कोण हाक मारील याचा नेम नाही. चूक राहिली तर ती आज दिसेल, उद्या दिसणार नाही. शिवाय हा प्रोग्रॅम यंत्राच्या कायमच्या मेमरीत जायचा होता, म्हणजे नंतर सहज बदलणंही नाही. त्याने काही महिने ती कल्पना अडवून धरली, मग सहकाऱ्यांनी त्याची तारीफ करून करून त्याला राजी केलं. हे वाचताना मला बरं वाटलं. आमच्या डब्याने आम्हाला जे दाखवलं ते या माणसाने यंत्र बनायच्या आधीच ओळखलं होतं.

टेस्ट करून ही चूक सापडणार नाही, मग हाक कधीही आली तरी चालेल असं आधीच सिद्ध करायला हवं, या वाटेने तो गेला. इंटरप्ट आला की आधीची सगळी स्थिती जपायची, काम उरकायचं, जशीच्या तशी परत ठेवायची. अर्धवट जागी हाक येऊन चालणार नसेल तेव्हा दार लावून घ्यायचं. 1959 मधली त्याची पीएचडी याच कामावर आहे.

1962 मध्ये तो आइंडहोव्हनच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाला. म्हणजे आपल्यासारखंच कॉलेज! तिथे एक्स-8 यंत्रावर त्याने सहा जणांच्या, तेही अर्धवेळ काम करणाऱ्या टीमबरोबर एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. यंत्राला तीन टेप रीडर, तीन पंच, दोन टेलिप्रिंटर, एक प्लॉटर आणि एक लाइन प्रिंटर. प्रोसेसर एक आणि त्याच्याभोवती दहा जणांची झोंबाझोंबी. ती सोडवायला त्याने सेमाफोर वापरला. नाव रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून. एकेरी मार्गावर ज्या ड्रायव्हरकडे गोळा त्याचीच गाडी पुढे जाते, हे आपल्याकडे जुन्या स्टेशनांवर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पण गोळे दोन असले की नवी पंचाईत. हॉस्टेलचं उदाहरण घ्या. बादली माझ्याकडे, पाणी तापवायची कॉइल शेजारच्या खोलीकडे (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये). मी कॉइल मिळाल्याशिवाय बादली सोडत नाही, तो बादली मिळाल्याशिवाय कॉइल सोडत नाही. दोघांचीही आंघोळ नाही! हा डेडलॉक. यावर 1965 मध्ये त्याने मुलांना परीक्षेत प्रश्न घातला होता, पाच कॉम्प्युटर आणि त्यांच्यात वाटून घ्यायचे पाच टेप ड्राइव्ह. पुढे त्याचेच जेवायला बसलेले पाच तत्त्वज्ञ झाले, ते आपल्या सिलॅबसमध्ये आहेत. उपाय म्हणून बँकरचा अल्गोरिदमही त्याचाच. उधार देण्याआधी बघायचं, दिल्यावर सगळ्यांची कामं कुठल्या तरी क्रमाने पुरी होतील ना? नसतील तर थांबा म्हणायचं.

सिस्टीम थरांवर थर अशी रचली होती आणि खालचा थर पूर्ण तपासल्याशिवाय वरचा चढवला नाही. 1968 च्या पेपरात त्याने लिहिलंय की टेस्टिंगमध्ये पाचशे सूचनांमागे एक अशा किरकोळ चुका निघाल्या आणि प्रत्येक दहा मिनिटांत सापडली. हे वाचून आमच्या त्या जागरणांची लाज वाटली.

1972 चं ट्युरिंग पारितोषिक, 1984 पासून टेक्सास विद्यापीठ, गो-टू विरुद्धची लढाई, फाउंटन पेनने लिहिलेले तेराशेहून जास्त क्रमांकित लेख, हे सगळं इंटरनेटवर मिळेल. उतारवयात तो टेस्टिंगची खिल्ली उडवायचा आणि कॉम्प्युटरला हात न लावता सिद्धता मांडायचा. इथे मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. प्रत्येक कार्डाला स्वतःची बेल आहे हे गृहीत धरून मी कितीही चोख सिद्धता लिहिली असती, तरी आमचा डबा हँग झालाच असता. जंपर डोळ्यांनीच बघावा लागतो. पण त्यालाही काका भेटले असते तर पटलं असतं असं मला वाटतं. लूपस्ट्रा आणि स्कोल्टन त्याच्यासाठी तेच करत होते की.

6 ऑगस्ट 2002 रोजी न्यूनेनच्या घरी कॅन्सरने तो गेला.

आमचा डबा लॅबमध्ये चालू आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. सिरीयल कार्ड 5, सेन्सर कार्ड 10. पुढच्या बॅचने तिसरं कार्ड चढवलं तर त्याचाही आकडा खाली लिहावा, पेनने.