चिमणरावांचे जनक : कै. चिंतामण विनायक जोशी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या कीर्तिशेष पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. साधुसंत, वीर, समाजसुधारक व दानशूर यांची चरित्रे या पानांवर शोभून दिसतात. यंदा आम्ही एका विनोदी लेखकाचे चरित्र सादर करीत आहो. ज्यांचा चिमणराव दूरदर्शनच्या पडद्यावरून घरोघर पोहोचला, ते कै. चिंतामण विनायक जोशी. हसवणाऱ्या माणसाचे कसले चरित्र, असे कित्येक वडीलधाऱ्या ज्ञातिबांधवांस वाटेल. तसे वाटल्यास त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा व मगच आम्हांस दोष द्यावा, ही विनंती.

चिंतामणरावांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुणे येथे झाला. त्यांचे उच्च शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात झाले व तेथेच त्यांच्या आयुष्यास वळण लागले. गोव्यातील साखवळ गावचे धर्मानंद कोसंबी हे बुद्धधर्माच्या अभ्यासासाठी घरदार सोडून नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश पालथे घालून आले होते. इ. स. १९१२ पासून ते फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली जी पहिली विद्यार्थिमंडळी तयार झाली, तीत पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्याबरोबर चिं. वि. जोशी हेही होते. पाली हा विषय घेऊन पोट भरेल किंवा कसे, याची त्या काळी कोणीच हमी देऊ शकत नव्हते. तरीही त्यांनी तो घेतला, एम. ए. केले, आणि इ. स. १९१६ मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, पाली शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीत एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. ते पुढे अनेक पिढ्यांच्या हाती राहिले.

काही वर्षे शिक्षकी केल्यावर ते बडोद्याच्या महाविद्यालयात अध्यापक झाले. तळेगावकरांस बडोदे परके वाटण्याचे कारण नाही. गुजराथेत मराठ्यांचा अंमल बसविणारे सेनापती दाभाडे आपल्याच गावचे, व गायकवाड हे मुळात त्यांचेच सरदार. इ. स. १७३१ मध्ये डभईच्या रणांगणावर त्रिंबकराव दाभाडे पडले, तेथून पुढे गायकवाडांचा भाग्योदय झाला. त्या राज्याची कीर्ती श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विद्येच्या बाजूने वाढविली. त्याच राज्यात चिंतामणराव पुढे राजदफ्तरदार झाले. दफ्तरदाराचे काम म्हणजे जुने रुमाल सोडावेत, कागद लावावेत, नोंद करावी, पुन्हा बांधावेत. असे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या मनुष्याच्या लेखणीतून मराठीतील सर्वांत खेळकर विनोद उतरावा, हे नवल खरे.

आम्हांस याहूनही मोठे नवल वाटते ते इ. स. १९३३ या एका वर्षाचे. लंडनमध्ये इ. स. १८८१ मध्ये स्थापन झालेली, पाली ग्रंथ छापणारी एक नामांकित विद्वत्संस्था आहे. त्या संस्थेने पटिसंभिदामग्ग या ग्रंथावरील महानाम स्थविरांची सद्धम्मप्पकासिनी ही अट्ठकथा चिंतामणरावांकडून संपादून घेतली व तिचा पहिला खंड इ. स. १९३३ मध्ये काढला. हस्तलिखितांतील पाठभेद एकेक अक्षर ताडून पाहण्याचे ते काम होते. आणि त्याच वर्षी इकडे मराठीत त्यांचे ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ प्रसिद्ध झाले! अट्ठकथेचा शेवटचा, तिसरा खंड इ. स. १९४७ मध्ये निघाला. ‘गुंड्याभाऊ’ हे पुस्तकही त्याच साली आले. चौदा वर्षे एका मेजावर ही दोन्ही कामे चालली होती. तिकडच्या पंडितांस चिमणराव ठाऊक नव्हता व इकडच्या वाचकांस महानाम स्थविर ठाऊक नव्हते. दोघांनाही ओळखणारा गृहस्थ मात्र बडोद्यात निमूटपणे दफ्तर लावीत होता.

आता चिमणरावांविषयी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठीत विनोदाची वाट पाडली, आणि गडकऱ्यांनी बाळकरामाच्या रूपाने ती गाजविली. परंतु कोल्हटकरांचा सुदामा समाजाच्या खुळचट रूढींवर कोरडे ओढतो, बाळकराम शब्दांच्या आतषबाजीने दिपवितो. चिंतामणरावांचा चिमणराव यांपैकी काहीच करीत नाही. तो फक्त आपली हकीगत सांगतो. कारकुनी पेशाचा, अंगाने किरकोळ, स्वभावाने भित्रा, पण आपण व्यवहारचतुर आहो अशी मनोमन खात्री असलेला हा पुणेकर प्रत्येक खटाटोपात फजीत होतो व ती फजिती स्वतःच्या तोंडाने, मोठ्या गांभीर्याने वर्णितो. सोबतीला नात्यातला दणकट गुंड्याभाऊ, बायको काऊ, मुले मोरू, मैना व राघू. बापापासून लेकरांपर्यंत सारी पाखरांची नावे! आणि घर तरी काय, चिमणीच्या घरट्याएवढेच. त्या घरट्यात लग्नाच्या वाटाघाटी, मानपानाचे रुसवे, पाहुण्यांचा सुकाळ, औषधोपचार, प्रवासातील गोंधळ हे सगळे आपल्या घरात घडते तसेच घडते.

या विनोदात कोणाची जात, कोणाचे व्यंग, कोणाचे दारिद्र्य हसण्यावारी नेलेले नाही. हसे होते ते सांगणाऱ्याचे. आम्ही चाळीस वर्षांच्या आसपास वर्ग सांभाळले. दुसऱ्याला हसणारी मुले प्रत्येक वर्गात भेटली, स्वतःला हसणारी फार थोडी. या अंकाच्या अखेरीस नेहमीप्रमाणे वधूवरांची सूची आहे. ती चाळताना पत्रिका, पगार, रंग, उंची यांचा जो हिशेब आपण मांडतो, तो चिमणरावाच्या हाती पडला असता तर त्याने त्यावर एक लेख नक्कीच लिहिला असता, आणि त्यात मुलीच्या बापापेक्षा अधिक फजिती स्वतःचीच दाखविली असती.

पुस्तकांतून चिमणराव प्रथम रुपेरी पडद्यावर गेला. मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शनाखाली इ. स. १९४० मध्ये ‘लग्न पाहावे करून’ व १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ हे बोलपट निघाले. दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. हे वैभव चिंतामणरावांनी स्वतः पाहिले. पुढचे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. इ. स. १९७७ च्या सुमारास विजया जोगळेकर यांच्या निर्मितीखाली तेथून ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका सुरू झाली. दिलीप प्रभावळकर चिमणराव व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्या ‘हम लोग’ मालिकेचा एवढा गाजावाजा झाला, ती इ. स. १९८४ ची, मराठी माणूस त्याआधीच काही वर्षे दर आठवड्याला चिमणरावाची वाट पाहत होता. तळेगावच्या गावभागात आमच्या आळीत तेव्हा एकच संच होता, काळ्यापांढऱ्या चित्रांचा. सिंहगडाकडून येणारे चित्र वाऱ्यापावसात हलू लागले की घरमालकांचा मुलगा कौलांवर चढून अँटेना फिरवी व आम्ही खालून ओरडत असू. पायरीवर, खिडकीत, अंगणात माणसे दाटीवाटीने बसत. आमच्या आजी चिमणरावास मनापासून नावे ठेवीत, काऊची मात्र कीव करीत. आमच्या सर्वांच्या लेखी चिमणराव म्हणजे प्रभावळकर; त्यामागे कोणी लेखक असेल, हा विचारही मनाला शिवला नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. पुढे शिक्षक झाल्यावर शाळेच्या संमेलनात बोलताना आम्ही चिमणराव ही दूरदर्शनवाल्यांनी काढलेली गंमत आहे, असे शेकडो मुलांसमोर ठासून सांगितले. सभेत कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनी कागदाचे वेष्टण घातलेली ‘चऱ्हाटा’ची जीर्ण प्रत आमच्या टेबलावर ठेवली, आणि काहीही न बोलता ते आपल्या तासाला निघून गेले. ती प्रत आम्ही त्या आठवड्यात दोनदा वाचली. मुलांना पुन्हा एकत्र करून आपली चूक सांगण्याचे धैर्य मात्र आम्हांस झाले नाही. ती मुले आज आपापल्या संसारात आहेत. काहींची घरे या स्मरणिकेचे वर्गणीदार आहेत. त्यांनी हा लेख वाचावा.

चिंतामणरावांची अखेरची वर्षेही लेखनातच गेली. जातककथा व शाक्यमुनी गौतमाचे चरित्र त्यांनी मराठीत पूर्वीच आणले होते. इ. स. १९५६ मध्ये नागपूरच्या धर्मांतरानंतर बुद्धाविषयी मराठीतून जाणून घेऊ इच्छिणारा मोठा वाचकवर्ग निर्माण झाला. अशा वेळी इ. स. १९६३ मध्ये बुद्धसंप्रदाय व त्याची शिकवण यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, चिंतामणराव निवर्तले. मुंबईचे दूरदर्शन तेव्हा नऊ वर्षे दूर होते.

उपरोक्त सहकारी आता हयात नाहीत. त्यांची ती प्रत परत करावयाची राहूनच गेली. तिची पाने सुटली होती; ती यंदा शिवून घेतली आहेत व मंडळाच्या कार्यालयातील कपाटात ठेवली आहेत. वाचावयास नेणाऱ्या बंधुभगिनींनी वहीत नोंद करून न्यावी.